लाल गाडीतल्या दोन सीटा

चलथाणच्या साखर कारखान्याजवळ मळीचा उग्र, गोडसर वास आला, की मला आजही माझी लाल, बिनटपाची स्पोर्ट्स कार आठवते. नव्वदच्या दशकात सुरतेत बँकेतली बिनलग्नाची बाई अशी गाडी चालवते, हेच लोकांना खुपायचं. अर्धा पगार पेट्रोल आणि दुरुस्तीत जायचा, पार्ट मुंबईहून मागवावे लागायचे आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं बूड घासायचं.

एका रविवारी आईला घेऊन व्याऱ्याला लग्नाला निघाले, तर इथेच सायलेन्सर तुटून लोंबायला लागला. मागून जीपने येणारे मामा थांबले.

"विकून टाक हे खेळणं. उद्या लग्न झालं तर यात कोण मावणार?"

मी काही बोलायच्या आत आईच घरच्या अहिराणीत कडाडली, "दोन सीटा, अन् आम्ही दोन्हीजणी. तिसरा कसाले जोयजे?"

मी सायलेन्सर तारेने बांधला. गाडी अशी गरजली, की उसाचे ट्रकवाले वळून बघू लागले. आईच्या डोक्यावरचा पदर उडाला. तिने तो सावरला नाही.

तेव्हा वाटलं, आई माझ्यासाठी भांडली. आज वाटतं, ती स्वतःची सीट सोडायला तयार नव्हती. कारण मामांची जीप मागे पडताच ती वाऱ्यात ओरडली होती, "आजून जोरमा!"