भिंगरीचं डावं चाक

काका रिटायर झाले आणि त्यांना आवरणं हे आमच्या घरातलं एक स्वतंत्र काम होऊन बसलं. चाळीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. घरात काहीही जरासं हललं की हा पाना घेऊन हजर. आईच्या शिलाई मशीनचे, कपाटाच्या बिजागऱ्यांचे, एवढंच काय, माझ्या चष्म्याचे स्क्रूसुद्धा त्यांनी असे आवळले की चष्मा मिटेनासा झाला. "माझ्या हातचा नट आयुष्यात सुटलेला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत आई ते पुरं करायची.

म्हणून आमचे दातांचे डॉक्टर एका रविवारी दारात उभे राहिले तेव्हा मला हायसंच वाटलं. डॉक्टरांना जुन्या गाड्यांचं वेड. एका लाकडाच्या वखारीत ताडपत्रीखाली सडत पडलेली रेसची गाडी त्यांनी विकत घेतली होती. तशी गाडी जगात एकच. काका ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांनी तीन मोडक्या गाड्यांचे भाग एकत्र करून आणि पत्रा हाताने ठोकून ती स्वतःच्या गॅरेजात बनवली होती. वळणावर गर्रकन फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. जुन्या गाड्यांच्या क्लबात तिची नोंद व्हायची तर ती कुठे पळाली, कोणी पळवली, कितवी आली, याचा पुराव्यानिशी इतिहास हवा होता. उस्ताद कधीच गेले होते. माहीतगार म्हणून एकटे काका उरले होते.

काका हो म्हणाले आणि आई उठून आत निघून गेली. कारण भिंगरी पळवायचे ते माझे बाबा. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आमच्या घरात ती गोष्ट ठरून गेलेली होती. भिंगरी एकूण सात शर्यती पळाली. सातव्या शर्यतीत घाटाच्या शेवटच्या वळणावर बाबा सगळ्यांच्या पुढे होते, हाव सुटली, वेग कमी केला नाही, गाडी कठड्याच्या भिंतीवर आदळली आणि मागचं डावं चाक तुटून दरीत गेलं. बाबा मांडीत सळई घालून घेऊन घरी आले. मी तेव्हा रांगत होते.

बाबांचं म्हणणं निराळं होतं. वळण यायच्या आधीच चाक निखळलं आणि माझ्या शेजारून पुढे पळत गेलं, मी डोळ्यांनी पाहिलं, असं ते सांगायचे. चाक आधी, भिंत नंतर. पण चौकशी समितीसमोर काकांनी छातीठोकपणे सांगितलं की नट मी स्वतः आवळला होता, तो सुटणं शक्यच नाही. मेकॅनिक आणि वर सख्खा भाऊ, तोच असं म्हणतो म्हटल्यावर विषय मिटला. बाबांच्या हाती पुन्हा कोणी रेसची गाडी दिली नाही. पुढची सोळा वर्षं त्यांनी बेकरीची पावाची गाडी चालवली, तीही इतकी हळू की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे.

त्यांचं ते वाक्य मात्र घरात रुळलं. कोणी सबब सांगितली की आम्ही म्हणायचो, "हो हो, चाक आधी गेलं!" दूध उतू जायचं, आई म्हणायची मी गॅस बारीक केला होता, की काका पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "चाक आधी गेलं, वहिनी." सगळे हसायचे. बाबाही हसायचे.

काकांनी काम अगदी मनावर घेतलं. रोज सकाळी डबा घेऊन ते वाचनालयात जायचे आणि जुन्या पेपरांच्या फायली उलगडत बसायचे. दुसऱ्या शर्यतीच्या बातमीत चौदा नंबरच्या गाडीचा छापताना एक्केचाळीस झाला होता. तो घोळ निस्तरायला आठ दिवस गेले आणि आठही दिवस त्यांनी त्या छापणाऱ्याचा उद्धार केला. मग शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या तळघरात उतरून वेळ नोंदवणाऱ्यांचे मूळ कागद त्यांनी शोधून काढले. काकांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही, म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडे.

"दादा तीन शर्यती जिंकलाय गं," एका संध्याकाळी ते चपलाही न काढता म्हणाले. "आम्ही दोनच धरून चाललो होतो. तो तीन म्हणायचा. आम्हाला वाटायचं, फुगवून सांगतोय."

त्यात त्यांना आनंद झाला होता, आणि मलाही. पुढे काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

राहिला होता फोटो. शर्यतींचे फोटो काढणारा स्टुडिओ बंद पडून जमाना झाला होता, पण फोटोग्राफरच्या सुनेने निगेटिव्ह डब्यांत भरून नीट ठेवल्या होत्या. तिने सातव्या शर्यतीतला, सुटायच्या आधीचा एक फोटो मोठा करून दिला. भिंगरी आडवी उभी, डावी बाजू आपल्याकडे. बाबा आत बसलेले, गॉगल कपाळावर, कोणाशी तरी बोलताना हसताहेत. मी तो फोटो पाहतच राहिले. मला आठवतात ते बाबा असे हसत नसत.

काका बाबांकडे बघत नव्हते. त्यांनी माझं भिंग मागून घेतलं आणि मागच्या चाकावर धरलं.

"हा बाण बघ," ते म्हणाले. "नटावरचा. कुठे तोंड करून आहे?"

त्या गाडीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट होता, दोन कानांचा. तांब्याच्या हातोड्याने कानावर ठोकून तो आवळायचा. सोडायच्या दिशेचा बाण वरच्या कानावर कोरलेला स्पष्ट दिसत होता.

"मागे," मी म्हटलं.

"नीट बघ."

"काका, मागेच आहे. गाडीचं तोंड इकडे, बाण तिकडे."

ते खुर्चीत मागे टेकले. चेहरा उतरला. मग एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं त्यांनी मला सावकाश सांगितलं. अशा नटांचे आटे दोन्ही बाजूंना उलटसुलट असतात. गाडी पळेल तसा नट आणखी घट्ट व्हावा, म्हणून. बाण वर असला की त्याचं तोंड पुढेच हवं, गाडीच्या दोन्ही बाजूंना. ते मागे असलं तर तो नट त्या बाजूचा नाही. नट आणि तो ज्यावर बसतो तो भाग, दोन्ही उजवीकडचे डावीकडे आलेत. तसं झालं की कितीही आवळा, पळता पळता नट आपोआप सुटत जातो.

"आदल्या दिवशी मागची दोन्ही चाकं मीच उतरवली होती," ते म्हणाले. "बेअरिंग बदलायला. आमची पद्धत होती, डावीकडचं सामान डाव्या ट्रेमध्ये, उजवीकडचं उजव्या. त्यात कधी चूक नाही. दुपारी उस्ताद म्हणाले, उजेड कमी पडतोय, गाडीचं तोंड फिरवा. आम्ही गाडी ढकलत बाहेर नेली, फिरवली, परत आत घेतली. ट्रे मात्र जिथल्या तिथेच राहिले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ठोकताना हाताला जरा वेगळं लागलं होतं. दिशा उलटी वाटली. पण नट घट्ट बसला होता, म्हणून म्हटलं, बसला ना? झालं तर. अपघातानंतर दुसऱ्या बाजूचा नट पाहिला असता तरी कळलं असतं. तोही ढिला झाला असणार. पण मी पाहिला नाही. मला खात्रीच होती ना."

फोटो त्यांनी पाकिटात घातला आणि पाकीट टेबलाच्या खणात. चार दिवस त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. जेवण निम्मं टाकायचे. मोरीचा नळ गळत होता, टप टप आवाज घरभर ऐकू येत होता, आणि काका पान्याला हात लावत नव्हते. इकडे मी टाइप केलेल्या शेवटच्या पानावर समितीच्या अहवालातली ओळ तशीच होती, 'चालकाच्या बेपर्वाईमुळे अपघात.' डॉक्टरांना शनिवारी पानं द्यायची होती. फोटो खणात राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. डॉक्टरांना शर्यती हव्या होत्या, त्या मिळाल्या होत्या. काकांना त्यांचं वाक्य राखता आलं असतं, आणि बाबा बेपर्वाच राहिले असते.

मला काकांची कीव येत होती, आणि रागही येत होता. राग जास्त. शुक्रवारी दुपारी मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. "ही ओळ राहणार असेल तर वर माझ्या बापाचं नाव मी टाइप करणार नाही. तुम्ही दुसरं कोणी बघा."

काका उठले. खणातून पाकीट काढलं आणि आई कपड्यांच्या घड्या घालत होती तिथे जाऊन उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा खरं बोलत होता."

त्यांनी सगळं सांगितलं. ट्रे, फिरवलेली गाडी, हाताला वेगळं लागलेलं, काही वगळलं नाही. आई घड्या घालत राहिली. शेवटची चादर तिने दोनदा उलगडून पुन्हा घडी केली.

"शेवटच्या दुखण्यात मी त्यांना विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, आता तरी खरं काय ते सांगा. आता कोण ओरडणार आहे तुम्हाला?"

"मग?"

"म्हणाले, तुम्ही सगळे म्हणता तसंच असेल." तिने चादर बाजूला ठेवली. "भावोजी, तुमच्या हातून चूक झाली, ते मी समजू शकते. काम करणाऱ्याच्या हातून होते. पण मी काय करत होते? मी त्यांची बायको होते ना?"

काका तिथेच जमिनीवर बसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई त्यांच्याजवळ गेली नाही. मग ती एवढंच म्हणाली, "लिहा. तुमच्या नावानिशी लिहा."

काकांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'मागच्या चाकांचे नट मी उलट बाजूंना बसवले होते. डावं चाक वळणाच्या आधी निखळलं. गाडी त्यानंतर भिंतीवर आदळली. चालकाने हेच सांगितलं होतं.' खाली त्यांची सही. डॉक्टरांनी पानं वाचली आणि फोटो जवळ घेऊन तो नट पाहिला. क्लबात नोंद झाली. मोरीचा नळ शेवटी मी माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला.

काका आता नटांबद्दल बोलत नाहीत. आई त्यांना चहा देते, औषधांची आठवण करते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. त्या दोघांना निदान एकमेकांपाशी कबूल तरी करता आलं. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. मी आठ वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमाला बाबा उशिरा आले. माझं गाणं होऊन गेलं होतं. ते धापा टाकत म्हणाले, "अगं, गाडी पंक्चर झाली." आणि मी बाई आणि सगळ्या मैत्रिणींसमोर म्हटलं, "हो हो, चाक आधी गेलं!" सगळ्या हसल्या. बाबाही हसले, आणि त्यांनी माझं दप्तर खांद्यावर घेतलं. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मला ते दिसत होते.