आतोबा आणि साडेतीन मिनिटं

माझ्या आतोबांइतका वैताग देणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत दुसरा झाला नसेल. हे मत ऐकीव नव्हे. बँकेतल्या नोकरीची पहिली तीन वर्षं, म्हणजे ऐंशी सालानंतरची, मी रत्नागिरीला मांडवीत त्यांच्याच घरी काढली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि आतोबा तिचे यजमान. बंदर खात्यातून निवृत्त झालेला हा किडकिडीत गृहस्थ दिसायला अगदी निरुपद्रवी. पण त्यांचं एक मत होतं. सिनेमाला संगीत देणं ही जगातली सर्वांत अवघड कला, आणि बाकीचे गवई म्हणजे सवडीने गाणारे लोक! मत असायला माझी हरकत नव्हती. पण त्या घरात आम्ही माणसं तीन, आणि त्या मताला विचारल्याशिवाय तिघांनाही धड जेवता येत नसे.

रेडिओवर गाणं लागलं की आतोबांचं बोट वर जायचं. बोट वर म्हणजे सगळ्यांनी गप्प. एकदा मी धावत घरी आलो आणि दारातूनच ओरडलो, "आतोबा, नोकरीत कायम झालो!" बोट वर. मी तसाच एका पायात चप्पल घालून उभा. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणत होतास?" म्हटलं, कायम झालो. "होणारच होतास. मला सांग, त्या सतारीनंतर एकच घुंगरू का वाजलं?" मला घुंगरू ऐकूच आलं नव्हतं. त्यावर माझं पाऊण तास बौद्धिक झालं, आणि पेढे दुसऱ्या दिवशी.

थेटरात त्यांच्यासोबत जाणं ही तर शिक्षाच. ते डोळे मिटून बसायचे. संवाद सुरू झाले की बाहेर जाऊन पान खायचे आणि व्हायोलिनं वाजली की लोकांच्या पायांवर पाय देत परत यायचे. एक पिक्चर त्यांनी सहा वेळा पाहिला. शेवटी हिरो मरतो की जगतो, असं आत्याने विचारलं, तर म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. पण बासरी फार घाईने थांबली. बहुधा मेला असावा."

आणि पुढे झालेलं माझं लग्न! भर उन्हात मला घोड्यावर बसवून मिरवणूक निघालेली, मुहूर्ताला दहा मिनिटं उरलेली, आणि आतोबा बँडपुढे हात पसरून उभे. "थांबा! मधलं म्युझिक खाल्लंत तुम्ही!" बँडमास्तर बिचारा म्हणाला, "काका, एवढं कोण ऐकतंय?" झालं. आतोबांनी मधलं म्युझिक तोंडाने म्हणून दाखवलं, क्लॅरिनेटवाल्याकडून तीनदा घोकून घेतलं, आणि मगच मिरवणूक हलू दिली. अंतरपाटापर्यंत मी पळत गेलो. सासऱ्यांनी तो विषय पुढे वर्षभर काढला.

या माणसाला उत्तर देणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आत्या. लग्नाआधी ती दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली होती आणि अजून रोज सकाळी तासभर तंबोरा घेऊन बसायची. "ही कसली कला?" ती म्हणे. "कोणीतरी माप द्यायचं, यांनी शिवून द्यायचं."

"अगो, मापातच शिवून बघ ना एकदा!" आतोबा उसळायचे. तीस वर्षं हेच चाललं होतं.

मी त्यांच्याकडे राहत होतो त्या तिसऱ्या वर्षी गावातल्या संगीतप्रेमी मंडळींनी एका रविवारी दुपारी परिसंवाद ठेवला. सिनेमाला चाल लावणं ही कला की कारागिरी? कलेच्या बाजूने बोलणार आतोबा. विरुद्ध बाजूच्या कोल्हापूरच्या बुवांची एसटी घाटात बंद पडली, तेव्हा चिटणीस पहिल्या रांगेतल्या आत्यापुढे हात जोडून उभे राहिले. ती लगेच उठली. "चित्र काढून घ्या, वाद्यं काढून घ्या, आणि मग त्या चालीत काय उरतं ते मला दाखवा," एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या पडल्या.

आतोबा उभे राहिले. "बाई होडीत बसलीय. मागे वळून बघावं की नाही, हे तिचं ठरत नाहीये. दिग्दर्शक म्हणतो, साडेतीन मिनिटं आहेत, कर चाल! आणि ती चाल कोणासाठी? पेजेला आधण ठेवून रेडिओ ऐकणाऱ्या बाईसाठी. तिचं अर्धं लक्ष चुलीकडे. तरी तिचा हात थांबला पाहिजे. आता ऐकाच!" त्यांनी माझ्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

दुसरा कोणी खाली बसला असता. आतोबांनी स्वतःच गायला सुरुवात केली. त्यांचा आवाज म्हणजे गंजलेला रहाट. व्हायोलिनंही तेच, होडीतली बाईही तेच. आधी खसखस पिकली, मग सभागृह खदखदून हसलं. मागून कोणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं. पण ते थांबेनात. या माणसाला कोणीतरी एकदा गप्प करावं, असं मी तीन वर्षं मनात म्हणत होतो. आता मला मान वर करवेना.

तेव्हा आत्या उठली. त्यांच्याकडे न बघता तिने तेच गाणं पहिल्यापासून धरलं. तंबोरा नाही, काही नाही. मधली व्हायोलिनं, बासरी, सगळं तिने सरगमीत जसंच्या तसं घेतलं. तीस वर्षं नावं ठेवत ऐकताना तिने एक जागा सोडली नव्हती. गाणं संपलं तेव्हा चिटणीस उगाच चष्मा पुसत बसले.

आज ती दोघंही नाहीत, आणि मला त्या गाण्यापेक्षा नंतरचंच जास्त आठवतं. आम्ही तिघं चालत घरी आलो. अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याशी आल्यावर आत्या थांबली. "मी तुमच्या बाजूने नाही हं गायले. लोक हसत होते, म्हणून गायले."

"ठाऊक आहे," आतोबा म्हणाले.

मग ते आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी चहा केला. तीन कप, बशीत अर्धाअधिक सांडलेले. मी एक घोट घेतला. साखरच नव्हती. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि आपला कप शेवटच्या घोटापर्यंत सावकाश पिऊन टाकला.