पहिल्या हाकेची ओ

आमच्याकडे तोंडवलीत मूल चालायला लागलं की त्याला एक गोष्ट शिकवतात. भर बारा वाजता, सुरूच्या बनात किंवा कुठल्याही निर्जन जागी कुणी एकदाच हाक मारली, तर ओ द्यायची नाही. "तीन हाको येव देत," आई सांगायची. "माणूस आसलो तर तीनदा मारतलो." माणूस नसला तर कोण, हे तिने कधीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माझे यजमान फोंडाघाटाकडचे, शाळामास्तर. असल्या गोष्टींना ते हसतात. निवृत्त झाल्यावर त्यांना सायकलीचं वेड लागलं. लेक नोकरीनिमित्त ब्रिटनला असते, तिने दोघांना बोलावून आठवडाभराचा बेतच आखून दिला. सकाळी सायकल, दुपारी डोंगरात चालणं. मला गुडघे आहेत, हे बापलेक दोघंही सोयीस्करपणे विसरले होते.

तिसऱ्या दिवशी लेक कामावर गेली आणि यॉर्कशायरमधल्या एका टेकडीखाली आम्ही दोघांनी सायकली फाटकाला कुलूप लावून ठेवल्या आणि वर निघालो. तिथे माळभर दगडावर दगड रचलेले गडगे. हे प्रत्येक गडग्यापाशी थांबायचे, हात फिरवायचे, फोटो काढायचे. शेवटी माझं डोकं फिरलं.

"गडगे बघूक इतक्या लांब इलात? आपल्या परड्यात काय कमी आसत?" असं म्हणून मी तरातरा पुढे निघून गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. रागावले की मी अशीच आहे.

धुकं खालून आलं. ओल्या लाकडांचा धूर घरात कोंडावा तसं बघता बघता सगळीकडे भरलं. मला माझ्या पायातले बूट दिसेनात. वाट सोडायची नाही एवढं लेकीने बजावलेलं होतं, म्हणून मी हाताला लागलेल्या गडग्याला टेकून खाली बसले. घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बारा वाजून गेले होते.

तेवढ्यात डावीकडून हाक आली. "अगो!"

आवाज ह्यांचाच. लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांनी मला दुसरी हाक कधी मारलेली नाही. मी ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या परक्या मुलखात 'अगो' म्हणणारं ह्यांच्याशिवाय कोण असणार? पण तेच मला भिववत होतं. पोस्टात नोकरी केलेली बाई मी, आणि तोंडावर हात दाबून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले होते.

दुसरी हाक आली नाही.

कुठेतरी एक मेंढी माणसासारखी खोकली. मी गडग्याचा एक दगड घट्ट धरून ठेवला होता, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत हातावर होते. तासभर मी तशीच बसले.

मग धुकं आलं तसंच निघून गेलं. हे माझ्यापासून चाळीसेक पावलांवर, पाय हातात धरून बसलेले. धुक्यात वाट सुटून एका बिळात पाय गेला आणि घोटा मोडला होता. आणि त्यांच्या पुढे चार हातांवर जमीन संपत होती. सरळ कडा. तळाला मेंढ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसत होत्या.

"इलंस?" एवढंच ते म्हणाले.

वाटेने चाललेल्या एका जोडप्याने आधार देऊन त्यांना खाली आणलं. उतरताना हे म्हणाले, "तू होतंस म्हणान धीर रवलो." मला वाटलं, टोमणा आहे. मान खाली घालून चालत राहिले. उरलेली सुट्टी प्लास्टर बघण्यात गेली.

घरी परतल्यावर माझं मन मला खाऊ लागलं. सुरमईची मोठी तुकडी ह्यांच्या ताटात वाढायची आणि ओ दिली नाही हे आज सांगायचंच असं ठरवायचं. तीन महिने रोज ठरवलं. शेवटी एका रविवारी जेवण झाल्यावर सांगायला बसले, तर शेजारी टपकले आणि ह्यांनी आपणच विषय काढला.

"मी हाक एकदाच मारलंय," हे रंगात येऊन सांगू लागले. "हिना लगेच ओ दिल्यान. मगे परत मारूची गरजच काय? तासभर मधी मधी ओ देत रवली. मी आवाजाच्या वाटेन सरपटाक लागलंय, पण पाय उचलाक जमना. हातभर सरकलंय आणि बसलंय."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. "ओ खंयसून येय होती?" मी विचारलं.

"फुडसून," हे म्हणाले, आणि हात सरळ समोर केला. "तू गावलंस मात्र पाठसून. धुक्यात आवाज फिरता गो." शेजारी हसले, हेही हसले.

पुढे काय होतं ते मी पाहिलं होतं. मी कपबशा उचलून आत गेले.

अजून सांगितलेलं नाही. सांगायचं तर त्या तासात मी गप्प होते हे सांगावं लागेल, आणि मग त्यांना कळेल की तो आवाज माझा नव्हता. त्याचीच फार भीती वाटते मला. मी ओ दिली नाही, म्हणून ती जागा रिकामी राहिली.

आता भर दुपारी काजूच्या बागेतून ह्यांची हाक आली, की मी हातातलं टाकून पहिल्याच हाकेला ओ देते. दुसऱ्या कुणी देण्याआधी.