चौसष्ट दिव्यांची अक्का

माझी थोरली बहीण अक्का हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याची वायरमन. बाईला वायरमन कसं म्हणायचं, असं कुणी विचारलं की ती म्हणते, "काहीही म्हणा, पण शिडी धरा." मी त्याच मजल्यावर नर्स आहे. झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते मी गोड करून सांगणार नाही.

नवे दिवे आले तेव्हा बटणाची जुनी रीत संपली. आता बटण दाबलं की वीज तुटत नाही, तारेवरून हाक जाते, 'सतरा, विझ.' चौसष्टच्या चौसष्ट दिवे ती हाक ऐकतात, पण विझतो एकटा सतरा. शून्य ते त्रेसष्ट, ज्याचा त्याचा आकडा ठरलेला. हे आकडे कॉम्प्युटर वाटतो, तेही मनाला येईल तसे. एकाला चार, तर त्याच्या शेजाऱ्याला एकावन्न. म्हणून कुणाला तरी एकेक आकडा लुकलुकवून, कुठला दिवा मिचकावतोय ते खोल्याखोल्यांतून फिरून बघावं लागतं. ते अक्कानं केलं, तीन दिवस, मान मोडेपर्यंत. मग तक्ता लिहिला, खाली सही केली आणि पॅनेलच्या दारावर चिकटवला. कंपनीचा इंजिनिअर, आमचा लॅपटॉपसाहेब, ते तीन दिवस खुर्चीतून उंटावरून शेळ्या हाकत होता.

दोन महिन्यांनी कॉरिडॉरमधला एक दिवा गेला. नवा बसवायचा आणि त्याला जुन्याचा आकडा द्यायचा, एवढंच काम. अक्कानं बजावलंही, "साहेब, त्या एकट्यालाच द्या. बाकीच्यांना हात लावू नका." साहेबांनी 'सर्वांना नव्याने' दाबलं आणि जेवायला गेले. सगळे आकडे पत्त्यांसारखे पिसले गेले. भिंतीवरची बटणं मात्र जुनेच आकडे पुकारत राहिली.

मी तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये टेबलावर झोपवलेल्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांचं डोकं धरून उभी होते. त्या खोलीला खिडकी नाही. डॉक्टर भुवईवर टाके घालत होते. पलीकडे कुणीतरी चादरींच्या खोलीचा दिवा बंद करायला गेलं, आणि अंधार आमच्याकडे झाला. सुई पापणीत घुसली. डोळा थोडक्यात वाचला. बाबांची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

चौकशी बसायच्या आत अक्कानं चौसष्ट दिवे पुन्हा शोधून नवा तक्ता लावलासुद्धा. तिला वाटलं, खरं काय ते दिसेलच. कॉम्प्युटरमध्ये साहेबांच्या नावानं नोंद होती: 'सर्वांना नव्याने', वेळेसकट. ती वाचायची तसदी एकानंही घेतली नाही. चौकशीला बसलेल्या हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमनी जुना तक्ता अक्कासमोर आपटला.

"हा चुकीचा आहे. सही कुणाची?"

"माझी. पण मी लिहिला तेव्हा बरोबर होता, मॅडम."

"म्हणजे चुकीचा आहे हे मान्य आहे तर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, तर म्हणे नर्सनी दिव्यातलं बोलू नये. साहेब मोबाइल बघत होते. निकाल लागला: साहेबांना काही नाही, अक्काची बदली मागच्या धुलाईघरात, पंखे पुसायला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दोन्ही तक्ते पुरावा म्हणून फायलीत गेले, फाइल कपाटात, कपाटाला कुलूप.

पुढच्या रविवारी दुपारी घरी अक्काचा फोन वाजला. ती आंघोळीला गेली होती, मी उचलला. लॅपटॉपसाहेब.

"अक्का आहेत का? ड्रेसिंगरूमचा दिवा लागत नाहीये. त्याचा आकडा कितवा?"

"शोधा की एकेक लुकलुकवून! चौसष्टच तर आहेत," मी म्हटलं आणि फोन आपटला. आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

अक्का ओल्या केसांनी बाहेर आली. कोण होतं, म्हणाली. मी सांगितलं, तेही फुशारकीनं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, फोन उचलून उलट लावला.

"एकोणचाळीस. नाही साहेब, नव्याने नको, फक्त एकोणचाळीस. लागला? बरं."

"कशाला सांगितलंस?" मी ओरडले. "बुडू दे ना त्या मेल्याला!"

"टेबलावर तो नसतो गं," ती म्हणाली आणि केस पुसायला लागली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.