दगडूमामांची नथ

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकले असतील, ते पोटात घालावं. शाळा चौथीतच सुटली. शेजारच्या दगडूमामांबद्दल तोंडाने सांगायला गेले की ऐकणारे हसतात आणि मी लाजून गप्प होते. म्हणून वहीत लिहिते.

लग्न होऊन शिरूरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ओट्यावर एक पन्नाशीचे गृहस्थ नाकात मोत्यांची नथ घालून भाकरी खात बसलेले दिसले. मी घाबरून आत पळाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सोनार हाय त्यो. आधीची तीन पोरं गेली म्हणून आईनं नाव दगडू ठेवलं आन् नाक टोचलं. भोक तसंच राहिलं, तर आता कामाला लावतोय."

बायका सणाला नथ घालतात आणि जेवताना ती एका हाताने उचलून धरतात, याचा मामांना फार राग. "जो धरून बसावा लागतो, त्यो दागिना कसला?" नथीचं वळण बदलायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. करायची, स्वतःच्या नाकात घालायची, जेवून बघायचं. एकदा मोती पिठल्यात पडला. एकदा नथ मिशीत अडकली, तर त्यांनी डावीकडची मिशी काढून टाकली. थोरले भाऊ आप्पा, ज्यांच्या दुकानात मामा काम करत, ते ओट्यावर येऊन म्हणाले, "घराण्याची निम्मी अब्रू गेली."

"निम्मी हाय की अजून," मामा म्हणाले.

आप्पांनी त्यांना दुकानातून काढलं आणि हत्यारं ठेवून घेतली. ऐरण, फुंकणी आणि नमुन्यापुरती पितळेची तार घ्यायला मामांना चाळीस रुपये हवे होते. अर्ध्या मिशीच्या माणसाला कोण देणार? राहू गावी माझं माहेर. तिथून आईने अडीनडीला म्हणून गुपचूप दिलेले बरोबर चाळीस रुपये माझ्या ट्रंकेत होते. सासऱ्यांना, आबांना, कळलं असतं तर त्यांनी मला माहेरी धाडलं असतं. तरी मी ते फडक्यात बांधून भिंतीवरून पलीकडे टाकले. का, ते नीट सांगता येत नाही. एका हाताने जेवायचा मलाही कंटाळा आला होता, एवढंच.

"सूनबाई, पै न् पै देईन. नाकाची शपथ," पलीकडून आवाज आला.

मग दर बाजाराला मामा नव्या वळणाची नथ घालून, तिला हात न लावता, चौकात भजी खात बसू लागले. पोरं शिट्ट्या मारायची. दोन महिने एक गिऱ्हाईक आलं नाही, आणि इकडे मला झोप नाही. शेवटी केंदूरच्या एक पाटलीणबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "दगडू, तुला बरी दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर मला एक कर."

त्यांच्यामागून बायका येत गेल्या. दर बाजाराला भिंतीवरून दोन रुपयांची पुरचुंडी पडू लागली. अडतीस झाले. शेवटचे दोन द्यायचे, त्या दिवशी आबांनीच मामांना चहाला बोलावलं.

"दगडू, ते नाकातलं काढून पी."

"न काढता पिता यावा, म्हणून तर मिशी गेली, आबा."

मोत्याला थेंब न लावता मामांनी बशीने चहा प्यायला आणि जाताना बशीखाली दोन रुपये ठेवले. आबांनी ते पाहिले. "माझ्या घरात च्याचं पैसं देतोस व्हय रं?" असं म्हणत त्यांनी मामांना फाटकापाशी गाठून ते परत त्यांच्या खिशात कोंबले. मी दाराआडून बघत होते. पैसे माझे, हे सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर आबांची खाट भिंतीलगतच आली, ते दोन राहूनच गेले. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा तिचे कान टोचायला मामाच आले. घर माणसांनी भरलेलं. तार कानातून गेली, तशी मुलीने मामांची नथ मुठीत धरून ओढली. तिच्यापेक्षा मामाच मोठ्याने ओरडले. सगळ्यांच्या हसण्यात त्यांनी तिच्या दुसऱ्या मुठीत दोन रुपये दिले.

"कान टोचायचं पैसं सोनाराला देत्यात. तू उलटं काय करतोस?" आबा म्हणाले.

"पोरीला देतोय, आबा. आता काढून घेऊ नका."

मग डोळे पुसत माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सूनबाई, चाळीस झाले."