गाडी पहिल्यांदा कुठे थांबली

बाबा गेल्यावर आमच्या घरी अर्धं गाव येऊन गेलं. दुकानदार आले, दूधवाला आला, बाबांशी वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊबंदही येऊन डोळे पुसून गेले. बाबा गेले याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका फक्त कार्यालयांना होती. तिथे माझे वडील धड जिवंत नव्हते आणि धड मेलेलेही नव्हते, आणि हे प्रकरण महिनाभर तसंच लोंबकळत राहिलं.

मी यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला राहते, कॉलेजात शिकवते, आणि मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो येणारच आहे. आई-बाबा पांढरकवड्याच्या पलीकडे एका लहान गावात राहायचे. बाबा तहसीलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पेन्शन आता आईच्या नावावर व्हायची होती, आणि मी एकुलती एक, म्हणजे कागदांची सगळी धावपळ माझ्याच गळ्यात. पेन्शनसाठी मृत्यूचा दाखला हवा, बँकेला हवा, विजेच्या मीटरला हवा, गॅसला हवा. झेरॉक्स कोणालाच चालत नाही, प्रत्येकाला सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत पाहिजे. कॉलेजातल्या एका बाईंनी अनुभवाचा सल्ला दिला, की एकदमच भरपूर प्रती काढून घ्या, मागून हेलपाटे घालावे लागत नाहीत. माझी तर एकसुद्धा निघेना.

झालं होतं ते असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईकडेच होते. एका सकाळी बाबांना दम लागला, दरदरून घाम फुटला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब यवतमाळला न्यायला सांगितलं. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजारच्या काकांनी त्यांची व्हॅन काढली आणि स्वतःच चालवायला बसले. मी पुढे, फोन कानाला लावून. दवाखान्यात कॉट तयार ठेवा, ऑक्सिजन तयार ठेवा, असं चाललेलं. मागे आई, आणि आईच्या मांडीवर बाबांचं डोकं.

आई वाटभर बाबांशी बोलत होती. "आलंच आता यवतमाळ. डोये नका मिटू. त्या साली या रस्त्यानं आपली गाडी पंक्चर झालती, आठवते काय? तुमी केवढे चिडलते." मी मागे वळून पाहिलं नाही. वळायचं धैर्य नव्हतं असंही नाही. आईचा आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे, एवढा हिशोब मी करून ठेवला होता. मधल्या एका गावात तिने गाडी थांबवायला लावली. मी चिडले, आता इथे कशाला. ती म्हणाली, "यायले जरा नीट घेतो," आणि लगेच "चाला" म्हणाली. त्यानंतर आम्ही थांबलो ते थेट दवाखान्याच्या दारात.

डॉक्टर गाडीपाशीच आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि बाबा वाटेतच गेले असं सांगून कागदावर लिहिलं, मृतावस्थेत आणले. आई म्हणाली, "गेटापर्यंत माह्याशी बोलून राह्यले होते." डॉक्टरांनी वाद घातला नाही. पुढे तेरा दिवस आईने हेच सगळ्यांना सांगितलं. बायका मान हलवायच्या, पुण्यवान आहेस म्हणायच्या. मलाही त्या वाक्याचा फार आधार वाटत होता, खोटं कशाला बोलू.

आता सरकारी खिडक्यांची कथा. गावच्या खिडकीवर विचारलं, "इथं वारले काय?" मी म्हटलं, यवतमाळला नेताना वारले. "मंग यवतमाळले जा. जिथं मरण, तिथं नोंद." दवाखाना म्हणाला, ते आमच्याकडे दाखलच झाले नाहीत, आम्ही कशी नोंद पाठवू. शहरातल्या खिडकीवर एक बाबू होते. त्यांनी दवाखान्याचा कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "रस्त्यात वारले, बरोबर. पण कोणत्या गावाच्या हद्दीत? रस्ता लांब आहे मॅडम." मी म्हटलं, "मग त्यांनाच आणू का सांगायला?" बाबूंनी मान वर केली नाही. असलं बोलणं त्यांना रोजचं असावं.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला बाबांचाच राग आला. जन्मभर हा माणूस अशाच एका खिडकीच्या आत बसला होता. कागद पुरे करून आणा, आज साहेब नाहीत, हे तिथे लागतं आणि ते इथे लागत नाही. अपुरा कागद मी कधी पुढे सरकवला नाही, असं रात्री जेवताना अभिमानाने सांगायचे. आणि आता स्वतःचाच कागद अपुरा ठेवून गेले होते. रडू आलं ते आधी रागाचंच होतं.

तिसऱ्या खेपेला बाबूंनी नियम सांगितला. चालत्या गाडीत मरण आलं, तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथे नोंद होते. "तुमची गाडी कुठं थांबली?" मला हायसं वाटलं. बाबा गेटापर्यंत बोलत होते, म्हणजे गेटाशीच गेले, गाडी गेटाशीच थांबली, म्हणजे नोंद शहराची. बाबूंनाही ते पटलं. "मग त्यांच्याजवळ जे बसले होते त्यांचं लेखी आणा, गेटापर्यंत जिवंत होते असं. आणि लवकर करा. महिना उलटला तर वरची परवानगी लागते, मग पुन्हा फिरत बसाल."

मी त्याच दिवशी मजकूर टाइप करून घेतला आणि एसटीने आईकडे गेले. आईने चष्मा लावला, कागद शांतपणे वाचला आणि डब्याखाली ठेवला. "उद्या करतो सही." उद्या तिला चष्मा सापडेना. परवा एकादशी होती. एकादशीला सही करू नये हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी यवतमाळला परतले आणि तिथून रोज फोन करू लागले, आणि रोज नवं कारण निघत होतं. महिना भरत आला तेव्हा मी पुन्हा जाऊन तिच्यासमोर कागद आपटला. "आई, तुला पेन्शन नको आहे का? किती खेटे घालू मी? एक सही मागतेय तुझी."

आई म्हणाली, "खोटं हाय ते."

"काय खोटं आहे?"

"तुह्ये बाबा गेटापर्यंत नव्हते. सागाचं जंगल संपाच्या आधीच गेलते."

मी मूर्खासारखं विचारलं, मग जंगलापुढच्या त्या गावात गाडी थांबवलीस ती?

"मान कलंडत होती त्यायची. नीट घेतली."

"आणि बोलत कोणाशी होतीस?"

"त्यायच्याशीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

आईने पदराने चष्मा पुसला. "सांगतलं असतं तर तुमी गाडी फिरवली असती. घरी आणलं असतं. आंगन भरलं असतं. त्यायले खाली घेतलं असतं न मले बायांनी आतल्या खोलीत नेऊन बसवलं असतं. मंग न्याच्या वक्ताले हात धरून आणलं असतं, घे म्हने पाहून. तुह्ये आजोबा गेले तवा आजीचं कसं केलं पाह्यलं नाई काय तू? ते माह्यापाशी होते, कोनी मधात नव्हतं. मले वाटलं, गाडी चालून राह्यली तोवर चालू द्या."

मी चिडले होते, ते नाकारत नाही. मी पुढे बसून कॉट तयार ठेवायला सांगत होते आणि मागे बाबा नव्हतेच. मला फसवलं गेलं असं वाटलं. पण तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्या मांडीकडे लक्ष गेलं. ती दोन्ही हातांनी लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होती.

मग मी वेगळंच बोलले. म्हटलं, कर सही, कोणाला कळणार आहे. खरं लिहून द्यायचं तर गाडी मध्ये थांबली त्या गावात जाऊन परक्या माणसापुढे सगळं सांगावं लागेल, आणि दाखल्यावर त्या गावाचं नाव येईल. बँकेत आपले पाव्हणे आहेत, सगळ्यांना समजेल.

"समजू दे," आई म्हणाली. "जन्मभर त्यायनं खोटा कागद पुढं जाऊ देल्ला नाई. त्यायच्याच मरनाचा कायले?"

त्या गावच्या ग्रामपंचायतीत पहिल्या दिवशी कुलूप. ग्रामसेवकाकडे आणखी गावांचा कारभार, ते मीटिंगला गेलेले. भर उन्हात आई ओट्यावर बसून राहिली आणि मी कुलपाला शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी ते भेटले. वयाने माझ्याएवढेच, बोलायला सरळ. त्यांनी आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि सगळं ऐकून घेतलं. गाडी आपल्याच हद्दीत थांबली होती याची खात्री करायला शेजारच्या काकांना फोन लावला. मग लिहायला घेतलं. पूर्ण नाव, वय, राहण्याचा पत्ता. वेळ विचारली, ती आईने सांगितली.

ग्रामसेवकांचा पेन थांबला. "काकू, मले विचारा लागते म्हनून विचारतो. डॉक्टर तं सोबत नव्हते. मंग तेव्हाच गेले हे तुमाले कसं समजलं?"

मी भांडायच्या तयारीने पुढे सरकले. आई माझ्याआधी बोलली.

"माहा हात धरून होते. तो त्यायनं सोडला."

ग्रामसेवकांनी वेळ लिहिली. मग हळूच म्हणाले, "आन् मंग यवतमाळपर्यंत?"

"मंग मी धरला."