आई बसली की गिअर पडायचा

हे लिहू की नको, असा बरेच दिवस विचार करत होतो. कारण आमच्या घरात भूतबाधा, करणी, नजर असलं काही निघालं की सगळ्यांना गप्प बसवायचं काम माझ्याकडे असतं. दहावीच्या पुढे गेलेला घरातला मी पहिलाच. त्यात बी.एस्सी., त्यात फिजिक्स. तेव्हा आता मीच असलं काही लिहायला बसलोय म्हटल्यावर आमची शोभी – म्हणजे धाकटी बहीण – हसून लोळेल. पण जे झालं ते झालं... आणि त्याचा राग मला अजून आहे. भीती नाही, राग.

आमचं गाव निमोणे, तालुका शिरूर. मूळची मेंढरं राखणारी घरं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहीर काढली आणि कोबी, फ्लॉवर, कडेने झेंडू असं सुरू केलं. माल शिरूरच्या बाजारात न्यायला त्यांनी दौंडच्या एका कंत्राटदाराकडून जुनी पिकअप घेतली. जुनी म्हणजे किती, तर आप्पांच्या लग्नाच्या आधीची. गोल बोनेट, पुढे एकच सलग सीट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. आणि जमिनीतून वर आलेला, हातभर लांब, शेंड्याला गोळा असलेला गिअरचा दांडा. शिरूरला नव्या डिझेल गाड्या रांगेने उभ्या असायच्या, त्यांच्यात आमची गाडी लग्नात आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची.

त्या गाडीला डबल क्लच लागतो. ज्यांनी नव्या गाड्या चालवल्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो – क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. प्रत्येक वेळी. यात जरा मागेपुढे झालं की खालून असा कर्रर्र आवाज येतो की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात.

मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात आप्पा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबवेना. मग ठरलं की पहाटे माल मी न्यायचा, गाडी शिरूरलाच लावायची, कॉलेज करायचं आणि येताना घेऊन यायची. आप्पांनी अट घातली ती अशी – बाजार चुकला तरी कॉलेज बंद, आणि एका वर्षी जरी नापास झालो तरी कॉलेज बंद. मग गाडी आणि मळा. ते रागाने बोलत नव्हते. त्यांना खरंच दुसरा माणूस नव्हता.

मी गाडी शिकलो, लायसन्स काढलं, डबल क्लचही मारायला लागलो. पण गिअर काही नीट पडेना. कधी पडायचा, कधी अडकायचा, कधी चढावर पडलेला निसटून न्यूट्रलला यायचा. शिरूरच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स दोनदा उघडला. त्याला आत काही सापडलं नाही. त्याने स्वतः चालवून बघितली तर थोडी कुरकुर, बाकी ठीक. त्याचं म्हणणं, गाडी ठीक आहे, तू शीक.

मग एकदा आईला तिच्या दाताच्या डॉक्टरकडे शिरूरला जायचं होतं. ती पुढे माझ्याशेजारी बसली. निमोण्यापासून शिरूरपर्यंत एकदाही आवाज आला नाही. गिअर असे पडत होते की मला आधी वाटलं, दांडाच तुटून हातात आलाय. दुसऱ्या दिवशी मी एकटा – पुन्हा कर्रर्र. तिसऱ्या दिवशी आई डॉक्टरकडे – पुन्हा गप्प.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. आई शेजारी असली की धीर येतो, हात नीट चालतो. मीही तेच म्हणत होतो. वजनाचा काही संबंध असेल म्हणून सीटवर आईएवढ्या वजनाची कांद्याची गोणी ठेवून बघितली. काही नाही. शोभीला बसवलं, ती तर सबंध रस्ता माझ्या गिअरच्या आवाजाची नक्कल करत होती. मग मी धीराचंच कारण धरून बसलो होतो. तेही एका सकाळी गेलं. वेशीपाशी थांबून मी रेडिएटरला पाणी घातलं, मालाची दोरी बघितली आणि निघालो, तर त्या दिवशी गाडी लोण्यासारखी चालली. मी एकटा! मी गाणं म्हणत शिरूरला पोचलो. म्हटलं, सुटलो, आलं आपल्याला. बाजारात गाडी लावली तर मागून, कोबीच्या ढिगावरून, ताडपत्री बाजूला करत आई उतरली. रेडिएटरपाशी मी वाकलो होतो तेव्हा ती घाईत मागेच चढली होती. पुढे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून.

त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. तिला कळेना की डॉक्टरकडे आल्याबद्दल पोरगं का रागावलंय.

आप्पांना हे कळल्यावर त्यांना त्यात विचित्र काही वाटलंच नाही. त्यांनी सरळ ठरवून टाकलं की आईने रोज जायचं. आई भडकली. तिची जनावरं, तिची खुरपणी, तिच्या भाकऱ्या, आणि वर गाडी लागायची ती वेगळीच.

"मी काय गिअर हाय व्हय?" ती म्हणाली. "का मलाच बसवा बोनेटाखाली."

पण ती आली. वर्षभर आली. पदर तोंडाला लावून खिडकीशी बसायची आणि खाली माझ्या पायांकडे बघत राहायची, कारण बाहेर बघितलं की तिला जास्त मळमळायचं. बाजारात हमाल मला विचारायचे, आज आय न्हाई आली का, मग माल कसा पोचला. कॉलेजातल्या मित्रांपर्यंतही ते गेलं. मी एकोणीस वर्षांचा आणि आईला घेतल्याशिवाय माझी गाडी चालत नाही! मला कुणावर ओरडावं तेच कळायचं नाही.

मग एस.वाय.ची प्रॅक्टिकल आली. त्या वर्षी सेंटर दौंडला होतं, सकाळी अकराला. आमच्या बाजूने दौंडला जायचं तर आधी उलटं शिरूरला जाऊन एसटी धरायची, आणि ती दौंडला पोचेपर्यंत बारा वाजायचे. गावातल्या गणेश आणि बापू या दोन वर्गमित्रांना मी तोऱ्यात सांगून बसलो होतो की चिंता नको, आमची गाडी आहे. अर्थात आई येईल हे मनात धरूनच. आणि नेमकी त्याच सकाळी केंदूरला माझ्या मामाच्या मुलीच्या लग्नाची सुपारी निघाली. आई तिची एकुलती एक आत्या. पोरीची ओटी आत्याने भरायची, हे मुलगी जन्मली तेव्हापासून ठरलेलं. केंदूर एका टोकाला, दौंड दुसऱ्या.

आदल्या दिवशी मामा मोटरसायकलवर तिला न्यायला आले. आई पिशवी भरून तयार होती. निघताना ती माझ्याजवळ आली.

"संतू, मी थांबू का?"

"नको. तू जा."

"आन् अडकली तर?"

"अडकली तर ढकलू. तीन जण आहोत."

ती मोटरसायकलवर बसली. मी हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. मला खरं तर तिने थांबावं असंच वाटत होतं, आणि ते तिला माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून मी रेडिएटर बघायला गेलो.

सकाळी निघालो. बापू माझ्याशेजारी, गणेश खिडकीशी. न्हावऱ्यापर्यंतच गाडीने आमचा घाम काढला. तिसरा गिअर पडेना म्हणून दुसऱ्यावरच चाललो. उसाच्या ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. ट्रॅक्टरने! गणेश आधी चेष्टा करत होता, मग तो घड्याळ बघायला लागला, मग गप्प झाला. तो गप्प झाल्याचं जास्त वाईट वाटत होतं.

पारगावला भीमेच्या पुलाअलीकडे चढ आहे. तिथे दुसराही निसटला. मी ब्रेक दाबला. क्लच, न्यूट्रल, क्लच... काहीच नाही. पहिलाही पडेना. मागे वाळूचा ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. गणेश उतरून मागून लोटायला गेला, भर चढावर एकटा माणूस काय लोटणार. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून हिंदीत काहीतरी सुनावत होता. साडेनऊ झाले असतील. मला सगळं समोर दिसत होतं – मी नापास, हे दोघंही माझ्यामुळे नापास, आणि उद्यापासून मी, ही गाडी आणि कोबी. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. आईचाही राग आला, लाज वाटते लिहायला, पण आला.

मग पुन्हा क्लच दाबला, केवळ दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. आणि दांडा गेला. आवाज नाही, धक्का नाही. पाण्यात हात घालावा तसा पहिल्यात गेला. मग दुसरा. पूल ओलांडताना तिसरा. गणेश पळत येऊन मागच्या हौद्यात चढला. केडगाव चौफुला, पाटस, दौंड – गाडीने एकदाही तोंड उघडलं नाही.

बापूने एकदाच विचारलं, "आता कसं काय जमाय लागलं रं?"

मी म्हणालो, "माहीत नाही. तू बोलू नको."

अकराला दहा कमी असताना आम्ही आत होतो. प्रॅक्टिकल बरी गेली. पुढे निकालात आम्ही तिघंही पास झालो, ते आत्ताच सांगून टाकतो. येतानाचं मात्र विचारू नका. येताना गाडीने आमचा इतका छळ केला की अंधार पडता पडता घरी आलो. पण तेव्हा घाई कुणाला होती.

दुसऱ्या दिवशी मामी आईला सोडायला आली. केंदूरची मामी कधी आमच्या गाडीत बसलेली नाही. तिला क्लच म्हणजे काय हे आजही माहीत नाही. चहा पिताना ती आप्पांना तक्रारीच्या सुरात सांगायला लागली की वन्संना एकदा डॉक्टरकडे न्या. पाहुणे येऊन बसले, चहा फिरला, आणि बायकांच्यात बसल्या बसल्या यांचा डावा पाय जमिनीवर आपटायला लागला. मामीला आधी वाटलं, शिलाई मशीन शिकताय की काय. पण पाय थांबेना. कुजबुज सुरू झाली की अंगात आलं. कुणीतरी धावत जाऊन भंडारा आणला आणि कपाळाला लावला. आई चिडून म्हणत राहिली की काही नाही, पायाला मुंग्या आल्यात. ओटी भरायची वेळ झाली तरी तिला उठता येईना. शेवटी ओटी मामीच्या जावेने भरली.

मी मामीला विचारलं, पाय कसा आपटत होता, दाखव.

मामीने कप खाली ठेवला आणि दाखवलं. पाय दाबला, उचलला, पुन्हा दाबला. थोडं थांबून परत तसंच. "आन् ह्यो हात असा," ती म्हणाली, आणि तिने मांडीशेजारी हवेत मूठ धरून पुढे ढकलली, मग मागे ओढली. चहा कधी फिरला होता म्हणून विचारलं तर म्हणाली, साडेनऊ असतील. कधी थांबलं? तर म्हणाली, पाहुणे जेवायला उठायच्या बरंच आधी, एकदम थांबलं.

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी आईकडे. आई ओसरीवर कोथिंबीर निवडत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

मामी गेल्यावर मी आईजवळ बसलो. तीच म्हणाली, पोरीची ओटी भरायची राहिली. एवढं बोलून तिने डोळे पुसले, मग पुन्हा कोथिंबीर घेतली. पोटरी अजून दुखत होती तिची, मी तेल लावून दिलं.

पण मी फिजिक्सचा विद्यार्थी. दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, आपण एकदा नीट बघू. तू इथे ओसरीवर बस, मी गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणतो. शोभी घड्याळ घेऊन बसेल.

"न्हाई," ती म्हणाली. "एकदा केलं. रोज रोज न्हाई व्हायचं माझ्यानं."

केलं म्हणजे काय केलंस, हे मी तिला तेव्हा विचारलं, नंतर विचारलं, गेल्या आठवड्यातही विचारलं. ती म्हणते, तिला काही माहीत नाही, पायच तो. मी आमच्या सरांना नावं न सांगता विचारलं, ते म्हणाले योगायोग. असेल. मीही दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर हेच म्हणालो असतो. पण मामीची ती मूठ मला आठवते, पुढे ढकलून मागे ओढलेली, आणि मग तो शब्द तोंडातून निघत नाही. मला याचं काही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर सांगा, पण कृपा करून अंगात येण्याचं सांगू नका.

आता मी टी.वाय.ला आहे. परवा मी माल भरत होतो तेव्हा आई गोठ्यातून बाहेर आली. हात शेणाने भरलेले, कपाळावर आठ्या.

"ह्या साली परीक्षा कुठं हाय तुझी?"

"शिरूरलाच," मी म्हणालो.

तिने एकदा गाडीकडे बघितलं.

"मंग एसटीनं जा," म्हणाली, आणि आत गेली.